आबांची गाडी, आईचा हात

मला नसत्या चौकशा फार. हे मत माझं नाही, माझ्या सासूबाईंचं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते बोलून दाखवलं, कारण मी त्यांचं शिवणयंत्र उघडून बसले होते. यंत्र चांगलं चालत होतं. खालचा धागा वर कसा येतो, एवढंच मला बघायचं होतं. पुढं माझं आयुष्य एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये गेलं, सांगलीत विश्रामबागेत घर झालं, आणि निवृत्त झाले तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकच काळजी पडली: आता ही बाई दिवसभर काय काय उघडत बसणार?

मी आबांची गाडी उघडली.

आबा म्हणजे माझे वडील. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपात होते. पेन्शनीत निघाल्यावर पाटणजवळ आमच्या गावी आले, ऊस लावला आणि कराडच्या एका डॉक्टरांची जुनी दुधी रंगाची ॲम्बॅसिडर विकत घेतली. मी तेव्हा सांगलीला वसतिगृहात शिकत होते. सुट्टीला घरी गेले तर अंगणात गाडी आणि गाडीभोवती फडकं घेऊन फिरणारे आबा. ती गाडी अजून आहे, आबाही आहेत आणि फडकंही बहुतेक तेच असावं.

या गाडीची पंचक्रोशीत एक ख्याती होती. ती फक्त आबांच्या हातानं लागायची. दुसऱ्या कुणी चावी फिरवली की सेल्फ घर्र घर्र फिरायचा, पण इंजिन काही पकडायचं नाही. आबा बसले की पहिल्या झटक्यात चालू. त्यांची एक पद्धत होती. सीटवर बसायचं, डावा हात डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला टेकवायचा, मग तोच हात छातीला आणि कपाळाला लावायचा, आणि मग चावी. उतरतानाही तसाच नमस्कार. एका दिवाळीत माझ्या नवऱ्यानं हौसेनं स्टिअरिंगला यथासांग नमस्कार करून चावी फिरवली, ती बॅटरी उतरेपर्यंत. आम्ही पोट धरधरून हसलो. आबा म्हणाले, "जावईबापू, हातगुण लागतो त्याला." एखाद्याच्या हातचं रोप जगतं, एखाद्या वैद्याच्या हातचं औषध लागू पडतं, तसंच हे, अशी सगळ्यांची समजूत झाली होती.

मला ते पटायचं नाही, पण खोडताही यायचं नाही. मी मनाशी धरलं होतं की आबांना चोक नेमका किती ओढायचा ते कळतं. बॉनेटला हात लावायला ते कुणाला द्यायचे नाहीत. "फौजी गाडी हाय ती," म्हणायचे. ती फौजी नव्हती, डॉक्टरांची होती, पण आबांशी वाद कोण घालणार?

त्या दिवाळीत एकटी आई हसली नव्हती. तिला गाडी चालवता यायची. हे गावात आता कुणाला खरं वाटत नाही. गाडी आली त्या वर्षी आबांनी स्वतः तिला शिकवली होती, नदीकाठच्या मोकळ्या रानात, नऊवारीचा काचा मारून. ती चांगली चालवायची म्हणे. मग एक दिवस गाडी तिच्या हातानं लागेनाशी झाली. तिनं दोनचारदा बघितलं आणि सोडून दिलं. त्यानंतर ती कायम मागच्या सीटवर बसली, मांडीवर पिशवी घेऊन.

मागच्या उन्हाळ्यात एकदा फोनवर आईनं माझी, जावयाची, पाण्याची, सगळी चौकशी केली आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "मला एकदा ती गाडी चालवायची हाय बघ. हातपाय चालत्यात तवर."

आईनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. साडी घे म्हटलं तर कपाट दाखवते. मी म्हटलं, "मग चालव की."

"लागत न्हाई ती मला. ठाव हाय न्हवं तुला. माझ्या हाताला गुण न्हाई."

असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. लॅबमध्ये मुलं म्हणायची, मॅडम, हा प्रयोग माझ्या हातून होतच नाही, तेव्हा मी वायर कुठं सुटलीय ते दाखवायची. हात वगैरे काही नसतं, वायर असते. मी आईला म्हटलं, "तू थांब. मी बघते गाडीकडं." आणि कामाला लागले.

आता जुन्या गाडीत ठिणगी कशी पडते, हे मी तेव्हा पहिल्यांदा नीट समजून घेतलं, आणि खरं सांगते, महिनाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. डिस्ट्रिब्यूटर नावाच्या डब्यात दोन बारके धातूचे तुकडे असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. ते टेकतात, सुटतात, आणि सुटले की कॉइलमधून ठिणगी प्लगला जाते. एवढ्याशा तुकड्यांच्या उघडझापीवर गाडी चालते! ते घासतात, काळे पडतात. मग पॉलिश पेपरनं साफ करून त्यांच्यातली फट पातळ पट्टीनं मोजून लावावी लागते. आबा ते दर महिन्याला करायचे. आता त्यांना जवळचं बारीक दिसत नव्हतं आणि बोटंही थरथरत होती. गाडी घाटात धक्के द्यायला लागली होती. या सगळ्याच्या जागी बसवायचं एक इलेक्ट्रॉनिक किट मी मागवलं; त्यात हे पॉइंटच नसतात. एक लोहचुंबकाची कडी फिरते आणि तिच्या बाजूला बसवलेली डबी ते ओळखते. काही टेकत नाही, म्हणून काही झिजत नाही. पार्सल आलं तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर होकायंत्र ठेवून ती कडी त्याच्याजवळ फिरवत बसले. सुई डावीउजवीकडं उड्या मारत होती. भात लागला, तो वास नवऱ्याला आधी आला.

किटबरोबर मी एअर फिल्टरही मागवला होता, लालचुटूक, शंकूसारखा. मोकळा श्वास घेतं म्हणे इंजिन. खरंच घेतं का, हेही मला बघायचं होतं.

आबांना फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, खूश होतील. कसलं काय!

"काय गरज न्हाई," ते म्हणाले. "पॉइंटवर चाललीय, पॉइंटवरच चालंल."

"आबा, तुम्हाला दिसत नाही आता फट."

"अंदाजानं लावतो."

"आणि मग कुणालाही लागेल की ती. आईलाही."

ते म्हणाले, "तिला कशाला पायजे गाडी? ह्या वयात?"

मला राग आला, पण रागापेक्षा कुतूहल जास्त होतं. ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक नवीन हत्यार पेटीतून काढून हुंगून बघितलं, तो या चिमुकल्या डबीला का घाबरतोय? मी पिच्छा सोडला नाही. शेवटी आईलाच हाताशी धरलं. ती म्हणाली, मला लेकीकडं राहायला जायचंय, आणि आबांना गाडी सांगलीला आणावी लागली.

आई घरी राहिली. मी आणि आबा गाडी घेऊन मिस्त्रीकडं गेलो. हा मिस्त्री जुन्या गाड्या करतो, सांगलीत रेल्वे लाइनच्या पलीकडं. बोलका माणूस. बोलताना पाना हवेत फिरवायची सवय, त्यामुळं मी जरा लांबूनच प्रश्न विचारत होते. त्यानं आधी जुना एअर क्लीनर काढला. घमेल्याएवढं जड लोखंडी भांडं, आणि तळाला काकवीसारखा घट्ट काळा चिखल. त्या भांड्यात तेल घालतात, आत येणारी हवा तेलावरून वळते आणि धूळ तेलात बसते. साधी युक्ती! ऊसवाहतुकीच्या कित्येक हंगामांची धूळ त्या तळाशी होती. मी बोट बुडवून बघितलं. आबांनी ओरडून हात पुसायला लावला, मी जणू अजून शाळेत होते.

"ताई, नवा फिल्टर दिसायला भारी हाय, पर त्याचं एक हाय," मिस्त्री म्हणाला. "त्यो मोकळा बसतो. त्याला हवा लागती सगळ्या बाजूनं. काय झाकलं, काय गुंडाळलं, की इंजिन गुदमरलं. आणि पावसात जपायचं. तुमच्या पाटणकडं पाऊस काय थोडा न्हाई."

मी मान हलवली. आबांनी एरवी मिस्त्रीच्या पान्याचं मापसुद्धा चुकीचं ठरवलं असतं. आज ते सारखे रस्त्याकडं बघत होते.

मग मिस्त्रीनं किट घेतलं. लाल वायर कॉइलला जोडायची होती. त्यानं कॉइलवरची जुनी वायर धरली, बोटांनी तिच्या मागं मागं गेला आणि थांबला. वायरीला मध्येच एक जोड होता, हिरव्या टेपनं नीट गुंडाळलेला, आणि तिथून एक दुसरीच वायर इंजिनमागच्या पत्र्यातून आत केबिनमध्ये गेली होती. तो उठला, ड्रायव्हरच्या दाराशी उताणा पडला, डोकं डॅशबोर्डखाली घातलं आणि खदखदून हसला.

"ताई, या इकडं. चोर बटण हाय की हे!"

मीही उताणी पडले. नेसून होते साडी, पण पडले. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, समोरून दिसणार नाही असं, एक पितळी बटण होतं. बंद केलं की ठिणगीची वीजच तोडायचं. सेल्फ फिरत राहणार, इंजिन काही पकडणार नाही. पितळ झिजून गुळगुळीत झालं होतं. ज्या जागी आबांचा डावा हात टेकायचा, तीच जागा.

नमस्कार! मी तिथंच, त्या ऑइलच्या वासात, पडून राहिले. काय हुशारी! खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला कौतुक वाटलं. इतकी वर्षं, इतकी माणसं, आणि एकालाही शंका आली नाही, कारण नमस्कार करणाऱ्या हाताकडं कुणी बघत नाही. मग आई आठवली, आणि कौतुक उतरलं.

"चोरांसाठी बसवत्यात बगा," मिस्त्री आनंदानं सांगत होता. "आबा, तुमचं काम व्हय हे? झक्कास जोडलंय."

आबा तिथं नव्हते. ते पलीकडं चहाच्या गाड्याजवळ उभे होते, रिकामा ग्लास हातात धरून.

मी गेले. हात काळे, केस विस्कटलेले. म्हटलं, "आबा, चोर कोण होतं?"

ते माझ्याकडं बघेनात. मग बोलले, ग्लासकडं बघत.

"मी फौजेत. वर्षातनं एकदा घरी यायचो, पाव्हण्यासारखा. पेन्शनीत आलो तर घर सगळं तिच्या ताब्यात. म्हशीला काय घालायचं तिला ठाव, कुणाशी बांधावरनं वाकडं हाय तिला ठाव. मला काय ठाव? मला गाडी ठाव. म्हणून हौसेनं शिकवली तिला. लय चटकन शिकली."

"मग?"

"एक दिवस रानातनं आलो तर अंगणात गाडी न्हाई. ती बी न्हाई. आदल्या राती आमचं वाजलं हुतं. मी लय वाईट बोललो हुतो. फौजेत बोलतो तसं बोललो. ती गेली माहेरला, वाळव्याकडं, एकटी, गाडी घिऊन. मी दिवसभर उंबऱ्यात बसलो. मला वाटलं, ही काय आता येत न्हाई."

"आणि?"

"सांजंला आली. काय झालंच न्हाई असं गाडी लावली आणि चूल पेटवली."

"आणि तुम्ही?"

"मी दुसऱ्या दिवशी बटण बसवलं."

चहावाला पातेलं घासत होता. मी विचारलं, "आणि हाताला गुण नाही, हे?"

"पुढच्या खेपेला तिला गाडी लागंना. मी बसलो, लागली. ती माझ्याकडं बघत ऱ्हायली. काय तरी सांगाय पायजे. तोंडातनं गेलं, तुझ्या हाताला गुण न्हाई. चेष्टेनं गेलं गं. त्याच साली म्हस दगावली, लिंबाचं झाड वाळलं. तिनं ते धरलं मनात. आज सांगू, उद्या सांगू, करत ऱ्हायलो. मग कोणत्या तोंडानं सांगायचं?"

मी खूप चिडले होते. चहाच्या गाड्यासमोर भर रस्त्यात वडिलांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. ते खाली मान घालून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी एक मार्ग सुचवला, आणि तो इतका सरळ होता की मला आणखी राग आला. "बटण काढू दे त्याला. तिला सांगू, नव्या सामानामुळं लागती. तिला चालवाय मिळंल. मग झालं की."

झालं की! आणि आईचा हात तसाच राहणार, बिनगुणाचा. गुण सगळा पार्सलातल्या डबीचा. मी म्हटलं, "तुम्ही तिला खरं सांगायचं. खंडेनवमीपर्यंत. नाहीतर मी सांगेन."

मिस्त्रीनं बटण काढलं, वायर सरळ जोडली, किट बसवलं, लाल फिल्टर चढवला. मी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात लागली. माझ्या हातानं! इंजिनाचा आवाज खोल आणि भारदस्त येत होता, मोकळा श्वास घेतं हे खरंच होतं. एरवी मी तासभर बॉनेटपाशी उभी राहिले असते. त्या दिवशी मला नुसतं रडू येत होतं.

खंडेनवमीला मी गावी गेले. आबांनी आईला सांगितलेलं नव्हतं. मला दारात बघून त्यांनी नजर चुकवली, त्यावरूनच कळलं. अंगणात विळे, खुरपी, कोयते, आबांची पान्यांची पेटी, सगळं धुऊन मांडलं होतं आणि गाडी न्हाऊनमाखून उभी होती. बॉनेट उघडं. पूजेशिवाय नव्या सामानाला हात लावायचा नाही, म्हणून इतके दिवस थांबलेली आई पूजा करत होती. मी आत बॅग ठेवून, चहा घेऊन बाहेर येईपर्यंत तिनं बॉनेट लावूनही टाकलं होतं.

"नवं सामान लय गोड दिसतंय," ती म्हणाली. "आता बसू का?"

ती बसली. सीट पुढं ओढून घेतली, आरशाला बोट लावलं. तिला सगळं आठवत होतं. चेहरा असा, की मला शाळेत पहिल्यांदा सोडलं तेव्हा माझा असेल. आबा फाटकापाशी खांब धरून उभे. आईनं चावी फिरवली आणि गाडी लागली.

"लागली!" ती ओरडली. "आवं, लागली की मला!"

मी टाळ्या वाजवल्या. मग इंजिन घोगरं झालं, खोकलं, मागून काळा धूर निघाला आणि गाडी बंद पडली. तिनं पुन्हा चावी फिरवली. पुन्हा धूर, पुन्हा बंद. तिनं हात चटका बसल्यासारखा मागं घेतला.

ती उतरली. दार हळूच लावलं. "बघ," मला म्हणाली, "सांगितलं हुतं का न्हाई? चांगली चालत हुती. माझा हात लागला आणि गेली."

मी धावत जाऊन बॉनेट उघडलं. आत बघितलं आणि मला हसूच आवरेना. लाल फिल्टरला आईनं नवाकोरा खण गुंडाळला होता, घट्ट, कलशाला गुंडाळतात तसा. त्यावर झेंडूची माळ दोनतीन वेढे देऊन बांधली होती आणि वर हळदीकुंकू. घरात नवी वस्तू आली, तिची ओटी नको भरायला? इंजिनाच्या नाकाला गच्च फडकं बांधलेलं, मग ते जगणार कसं?

"आई, अगं हात कसला, खण आहे तुझा! हवा अडली तिची." मी माळ ओढली, खण सोडला. "बस पुन्हा. बघ आता लागते का नाही."

ती हलली नाही. "व्हय, पर दुसऱ्या कुणी बांधला असता का? मलाच कसं सुचलं? हेच म्हणती मी. माझ्या हातानं असंच हुतं."

लॅबमध्ये मी कुणालाही गप्प केलं असतं, पण आईपुढं माझं फिजिक्स संपलं. मी आबांकडं बघितलं. मनात म्हटलं, बोला आता, नाहीतर मी बोलते.

ते खांब सोडून चालत आले. गाडीजवळ येऊन आईसमोर उभे राहिले, फौजेत साहेबापुढं राहतात तसे, ताठ.

"बटण हुतं," ते म्हणाले. "डॅशबोर्डखाली. मी बसवलं हुतं. तू वाळव्याला गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणून तुला लागत नव्हती. हाताचं मी खोटं बोललो."

आईनं विचारलं, "कुठं?"

त्यांनी वाकून दाखवलं. बटण गेलं होतं, भोक तेवढं राहिलं होतं. आईनं दारातून आत वाकून बोटानं ते चाचपलं.

"का?"

"वाटलं, परत जाशील. आणि येणार न्हाईस."

"आले हुते की त्या दिवशी," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कुणी आणली हुती मला? माझी मीच आले हुते न्हवं? सांजंच्या आत आले हुते. भाकरी केली हुती तुमाला."

आई गाडीत बसली. चावी फिरवली, गाडी लागली. आबा पलीकडच्या दाराकडं निघाले तर म्हणाली, "तुमी हितंच थांबा." मीही पाऊल मागं घेतलं. गाडी दोनदा धक्का देऊन फाटकातून बाहेर पडली आणि मळ्याच्या रस्त्याला लागली. आबा फाटकात उभे राहिले. मी खुर्ची आणून ठेवली, ते बसले नाहीत. मला त्यांची दया यायला लागली होती आणि तीही मला नको होती.

ती आली. अंगणात गाडी व्यवस्थित लावून आली, तोंड उन्हानं लाल. आबांना चावी दिली नाही, कमरेला खोचली. मला घेऊन मागच्या दारी पायरीवर बसली. बराच वेळ आपल्या तळहातांकडं बघत होती.

"तुझी लेक झाली हितं," ती म्हणाली. "तवा मधाचं पहिलं बोट मी चाटवलं न्हाई तिला. शेजारच्या काकूला बोलावलं. आठवतंय?"

न आठवायला काय झालं? बाळाला पहिलं बोट आजीनं द्यायचं, ज्याच्या हातचं ते चाटतं त्याचे गुण घेतं, म्हणून मी बाळंतपणाला माहेरी आले होते. आणि आई मधाची वाटी शेजारणीच्या हातात देऊन बाहेर निघून गेली होती. मी काही विचारलं नाही. जगातल्या सगळ्या यंत्रांची चौकशी केली, ही एक केली नाही, कारण उत्तर मला माहीत आहे असं मला वाटत होतं. मी ते आता पहिल्यांदा तोंडानं बोलले.

"मला वाटलं, मुलगी झाली म्हणून."

आई माझ्याकडं वळली. तिचा चेहरा असा झाला, की मी तो शब्द परत घ्यायला काहीही दिलं असतं.

"आगं येडे," ती म्हणाली, "लय वाटत हुतं, मांडीवर घ्यावी तिला. वाटी धरून दारात उभी हुते मी. म्हटलं, एवढं गुणाचं लेकरू, त्याला माझा हात नको लागाय."